इतर अधिकारांचा रकाना

कोकणात जमीन असलेल्या प्रत्येक कुटुंबाला सातबाऱ्याचा उतारा परिचयाचा असतो. त्यावर मालकाचे नाव असते, क्षेत्र असते, आकार असतो. आणि एका बाजूला ‘इतर अधिकार’ या शीर्षकाचा एक रकाना असतो. कुळाचे नाव, सोसायटीच्या कर्जाचा बोजा, विहिरीच्या पाण्यातला हिस्सा, वाटेचा हक्क अशा नोंदी त्यात सापडतात. जमीन विकत घेणारा शहाणा माणूस मालकाच्या नावाइतक्याच बारकाईने हा रकाना वाचतो, आणि तो कोरा दिसला की निश्चिंत होतो. जमीन निर्वेध आहे, असे त्याला वकील सांगतो. जमिनीची मालकी आणि तिच्यावरच्या हिरवाईत इतरांना मिळणारा प्रवेश या विषयावर आम्ही येथे चार विचार मांडणार आहोत, ते या रकान्याला समोर ठेवूनच.

विषय सुचण्याचे कारण अलोऱ्याच्या आसपासचा मुलूख. चिपळूण तालुक्यातले अलोरे, कोळकेवाडी, पोफळी ही गावे कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी सह्याद्रीच्या कुशीत वसलेली आहेत. मृगाच्या सरी पडून गेल्यावर येथे येणाऱ्या पाहुण्याला वाटते की हे सगळे अरण्य आहे आणि ते कोणाचेच नाही. वस्तुस्थिती वेगळी आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातील जमीन फार थोडी; डोळ्यांना जे हिरवे दिसते त्यातले बहुतेक कोणा ना कोणाच्या सातबाऱ्यावर आहे. अनेकदा एका उताऱ्यावर वीस-वीस नावे असतात, आणि त्यातली निम्म्याहून अधिक माणसे मुंबईत असतात. तरीही पिढ्यान्‌पिढ्या या डोंगरांतून लोक वावरले. गुरे चरावयास गेली, पोरांनी करवंदे आणि जांभळे खाल्ली, बायकांनी टाकळा-भारंगीची भाजी खुडली, वाळलेल्या काटक्यांची मोळी बांधली, डोंगरमाथ्यावरचे धनगर दूध घेऊन खाली उतरले. परवानगी कोणी मागितली नाही आणि मागावी असे कोणाला सुचलेही नाही. मालक होता, त्याचा गडगाही होता. पण गडगा माणसाच्या कमरेएवढा, आणि त्यात एक बेडे असे. आडव्या काठ्या सरकवून आत जावे, परत त्या सरकवून ठेवाव्यात. गुरांनी भातात शिरू नये एवढीच त्या बांधकामाची अपेक्षा होती.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कोकणात हे चित्र पालटत आले आहे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली, रस्ते सुधारले, आणि डोंगरउतारावरून दिसणारा देखावा हीच एक विक्रीची वस्तू झाली. भाऊबंदकीत अडकलेल्या जमिनी मध्यस्थांनी मोकळ्या केल्या, त्यांचे तुकडे पाडले. मग तारेचे कुंपण आले, लोखंडी फाटक आले, ‘खासगी मालमत्ता’ ही पाटी आली. ज्या पायवाटेने माणसे पऱ्यावर जात होती ती फाटकापाशी थांबली.

येथे घाई करून निवाडा देऊ नये. डोंगर विकत घेणारा प्रत्येक मुंबईकर किंवा पुणेकर लोभी असतो, असे आम्ही म्हणणार नाही. जुन्या मालकांनी तोच डोंगर दर दहा-बारा वर्षांनी लाकूड ठेकेदाराला तोडावयास दिलेला असतो. खैर गेला कातभट्टीत, बाकीचे गेले कोळशात. नवा मालक कित्येकदा कुऱ्हाड थांबवतो, झाडे लावतो, वणव्यापासून राखण करतो. म्हणजे डोंगर पूर्वीपेक्षा अधिक हिरवा झाला आणि पूर्वीपेक्षा अधिक बंद झाला. ही गोष्ट आम्हांला खरी अवघड वाटते. ओसाडीविरुद्ध बोलणे सोपे असते. जे हिरवे आहे, राखलेले आहे, सुंदर आहे आणि तरीही शेजाऱ्याला बंद आहे, त्याविषयी काय म्हणावे?

पूर्वी सगळे खुले आणि सुखाचे होते, असेही कोणी समजू नये. हा खोतीचा जिल्हा. खोत कुळाकडून उत्पन्नाचा मोठा वाटा घेत असे आणि वर वेठ घेत असे. त्याच्या डोंगरात वावरण्याची मोकळीक ही त्याच्या मर्जीवर अवलंबून होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढच्या जानेवारीत कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने गेले. प्रत्यक्ष कायदा झाला १९४९ साली. त्यानंतर कूळकायद्याने आणखी अनेकांचे नाव उताऱ्यावर चढले. तेव्हा कोकणातल्या गरिबाला ‘माझी जमीन’ हे दोन शब्द फुकट मिळालेले नाहीत. ज्याच्या आजोबाने वेठ केली त्याच्या नातवापुढे उभे राहून मालकी हेच पाप आहे, असा उपदेश करणाऱ्याने आधी आपली जीभ आवरावी.

पवित्र शास्त्र या बाबतीत आपल्याला दोन गोष्टी सांगते. एरवी त्या वेगवेगळ्या दिवशी वाचल्या जातात, म्हणून त्यांची गाठ पडत नाही.

पहिली नाबोथाच्या द्राक्षमळ्याची, राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायातली. नाबोथाचा मळा अहाब राजाच्या वाड्याला लागून होता. राजाला तो कशासाठी हवा होता, हे आपण सहसा विसरतो. त्याला तेथे भाजीची बाग करावयाची होती! म्हणजे विषय हिरवाईचाच. वाड्याशेजारी हिरवी जागा असावी, एवढीच एका सत्ताधाऱ्याची हौस. मोबदल्यात त्याने अधिक चांगला मळा किंवा रोख रक्कम देऊ केली. आजच्या भाषेत बाजारभावापेक्षा जास्त. नाबोथाने नकार दिला, कारण ते वाडवडिलांचे वतन होते. पुढे ईजबेल राणीने खोटे साक्षीदार उभे करून त्याचा बळी घेतला, आणि एलिया संदेष्टा राजापुढे जाऊन उभा राहिला. देव येथे लहान मालकाच्या बाजूने आहे. मालकी म्हणजे नाबोथाचे कवच. चौथ्या शतकात मिलानचे महागुरू संत अंब्रोज यांनी या एका प्रसंगावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि नाबोथाची गोष्ट जुनी असली तरी रोज घडते, असे श्रीमंतांना बजावले.

दुसरी गोष्ट मत्तयच्या शुभवर्तमानात बाराव्या अध्यायात आहे. प्रभू येशू शिष्यांसह धान्याच्या शेतातून चालला होता. शिष्यांना भूक लागली, त्यांनी कणसे मोडून खाल्ली. परुशी लगेच हरकत घेतात. ती हरकत नीट वाचावी. शब्बाथ दिवशी हे करणे योग्य नाही, एवढेच ते म्हणतात. दुसऱ्याच्या शेतात शिरलात, दुसऱ्याचे धान्य खाल्लेत, असे ते म्हणत नाहीत. दोष शोधण्यात परुश्यांची नजर किती तीक्ष्ण होती हे आपण जाणतो. चोरीचा आरोप करण्याजोगा असता तर त्यांनी तो सोडला नसता. तो करता येत नव्हता, कारण नियमशास्त्रानेच ती मुभा दिली होती. अनुवाद ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात म्हटले आहे की शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यात गेल्यास पोटभर द्राक्षे खावीत, पण पात्रात घालून नेऊ नयेत. शेजाऱ्याच्या शेतातून जाताना हाताने कणसे मोडावीत, पण विळा लावू नये. शेत शेजाऱ्याचेच राहते. शास्त्र त्याची मालकी काढून घेत नाही. फक्त वाटसरूच्या हाताएवढी एक नोंद त्याच्या इतर अधिकारांच्या रकान्यात करून ठेवते.

या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या तर जमिनीविषयीची ख्रिस्ती दृष्टी हाती लागते. अहाबापासून नाबोथाचे रक्षण झाले पाहिजे, आणि नाबोथाच्या मळ्याच्या कडेने जाणाऱ्या भुकेल्याचेही झाले पाहिजे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी हेच तर्कशुद्ध रीतीने मांडले. वस्तू मिळविणे, सांभाळणे आणि वाटणे हे खासगी हातांत असावे, कारण सगळ्यांचे ते कोणाचेच नाही या न्यायाने सामायिक वस्तूची हेळसांड होते; उपभोगाच्या बाबतीत मात्र माणसाने ती वस्तू सामायिक समजावी, गरजवंताला सहजी द्यावी. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या विश्वपत्रात कामगाराच्या खासगी मालमत्तेच्या हक्काची जोरदार बाजू घेतली, तीही याच परंपरेत उभे राहून. पोप पॉल सहावे यांनी १९६७ साली स्पष्ट केले की हा हक्क कोणालाही बिनशर्त मिळालेला नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी जो शब्द वापरला तो कोकणी माणसाला सर्वांत लवकर कळावा: खासगी मालमत्तेवर समाजाचे गहाण असते. गहाण म्हणजे बोजा. बोजा कोठे लिहितात, हे तलाठ्याला विचारावे लागत नाही.

यावर एक शंका निघते, आणि ती रास्त आहे. भुकेल्याचा धान्यावर हक्क असतो हे कळले. पण सावलीवर, वाटेवर, डोंगरावरून दिसणाऱ्या देखाव्यावर कोणाचा कसला हक्क? ती तर चैन आहे. आम्हांला हे पटत नाही. दहा आज्ञांतली विश्रांतीची आज्ञा पुन्हा वाचावी. विश्रांती तुझ्यासाठी आहे, तशी ती तुझ्या दासासाठी, दासीसाठी, तुझ्या गुराढोरांसाठी आणि तुझ्या वेशीच्या आत राहणाऱ्या परक्यासाठीही आहे. देवाने दासाला विश्रांतीची वेळ दिली. त्या वेळी त्याने जावे कोठे? दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण राहत असतील तर रविवार दुपारची विश्रांती ही उंबऱ्याबाहेरच घडावयाची. ज्याला स्वतःचे अंगण नाही त्यालाच सार्वजनिक अंगणाची गरज सर्वांत अधिक असते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली निसर्गाविषयी जे विश्वपत्र लिहिले त्यात याकडे नेमके बोट ठेवले आहे: विशेष सौंदर्य लाभलेल्या जागा खासगी झाल्यामुळे सामान्यांना तेथे जाणे दुरापास्त होते, आणि शहरांत निगा राखलेली हिरवळ सुरक्षित वस्त्यांत आढळते, टाकून दिलेल्या माणसांच्या वस्त्यांत आढळत नाही.

यासाठी मुंबईकडे पाहावे. आणि अलोऱ्याहून मुंबई दूर नाही, कारण गिरणगावात राबणारे हात मोठ्या संख्येने रत्नागिरी जिल्ह्यातूनच गेले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या. सुमारे सहाशे एकर जमिनीचे काय करावयाचे, हा प्रश्न उरला. १९९१ च्या विकास नियमावलीत ढोबळमानाने तीन वाटे ठरले होते: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली, आणि गिरणीच्या आवारात जेवढी जागा आधीपासून मोकळी होती तेवढीच वाटपासाठी धरावी असे ठरले. बांधकामाखालची जमीन वाट्यातून निसटली. शहराच्या पदरात पडावयाची हिरवळ आक्रसली. उच्च न्यायालयाने २००५ साली नागरिकांच्या बाजूने कौल दिला, तो सर्वोच्च न्यायालयात मार्च २००६ मध्ये फिरला. कायद्याने जे वैध ठरले ते आम्ही अवैध म्हणत नाही. पण ज्या माणसाच्या घामावर ती जमीन मौल्यवान झाली त्याच्या नातवंडांना खेळावयास तिच्यातला किती तुकडा मिळाला, हा प्रश्न न्यायालयाने निकालात काढला म्हणून संपत नाही. महालक्ष्मीच्या घोडशर्यतीच्या मैदानाचे उदाहरण त्या मानाने दिलासा देणारे आहे. १९१४ पासून भाडेपट्ट्याने क्लबकडे असलेल्या दोनशे अकरा एकरांपैकी एकशे वीस एकरांवर सार्वजनिक उद्यान करण्याचे २०२४ साली ठरले. ते प्रत्यक्षात कसे उतरते ते पाहावयाचे.

सरकारची जमीन म्हणजे लोकांची जमीन, असे समीकरण कोणी मांडील. त्याला अलोऱ्यातच उत्तर आहे. कोयना प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी कोळकेवाडीला धरण झाले, तीनशे वीस मेगावॉटचे वीजगृह झाले, आणि अलोऱ्याला कर्मचाऱ्यांची वसाहत वसली. त्यासाठी या पंचक्रोशीतल्या माणसांच्या जमिनी सार्वजनिक कामासाठी म्हणून गेल्या. वीज साऱ्या महाराष्ट्राला मिळाली. त्याचा अभिमान येथल्या माणसालाही आहे. धरण आणि वीजगृह यांच्याभोवती पहारा असावा हे उघड आहे, त्याबद्दल कोणी तक्रार करू नये. पण बांधकामाचा भर ओसरला, वसाहतीतली वर्दळ कमी झाली, आणि मागे उरली ती मोकळी आवारे आणि पोसवलेली झाडे. सार्वजनिक कामासाठी घेतलेल्या जमिनीचे काम सरते तेव्हा तिचे पुढे काय करावे, हे केवळ खात्याने ठरवावयाचे नसते. ज्यांनी जमीन दिली त्यांचे नाव उताऱ्यावरून उडाले असेल; त्या झाडांखाली बसण्याचा त्यांच्या नातवंडांचा अधिकार आमच्या मते उडालेला नाही. उद्या कोणी ही जागा एखाद्या पर्यटन-उद्योगाला देऊ म्हणाले, तर पहिला प्रश्न हाच विचारावा.

आता नाबोथाची कैफियत ऐकू. बागायतदार आम्हांला म्हणतात: फादर, फाटक उघडे ठेवावे म्हणता, मार्च महिन्यात एक विडीचे थोटूक पडले की पंधरा वर्षांची काजूची बाग तासाभरात राख होते. हापूसचे झाड फळावर आले की रात्री पोती भरून जातात. धबधबा खुला ठेवला तर रविवार संध्याकाळी बाटल्यांचा आणि प्लॅस्टिकचा ढीग उपसावा लागतो. हे सगळे खरे आहे, आणि ज्याच्या कष्टाची राख होते त्याला सहिष्णुतेचे धडे देणे क्रूरपणाचे आहे. पण शास्त्राने हा विचार आधीच केलेला नाही काय? हाताने खा, पात्रात भरू नको, विळा लावू नको. पोती भरून नेणाऱ्याला नियमशास्त्राचा आधार नाही. विडी फेकणाऱ्यालाही नाही. लागवडीची बाग आणि रिकामा डोंगर यांत फरक करावा. बागेला कुंपण हवेच. डोंगरातल्या वाटेला, पऱ्याच्या पाणवठ्याला, करवंदीच्या जाळीला ते कशासाठी? दोन-चार दांडगट आले म्हणून लाकूडफाट्याला जाणाऱ्या म्हातारीची वाट बंद करणे, हा हिशेब चुकतो.

कायदा काही अंशी वाटसरूच्या बाजूने आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षे उघडपणे, अखंड, हक्क म्हणून वापरलेली वाट हा हक्कच होतो; शेतावर जाणारी वहिवाट कोणी अडवली तर १९०६ च्या कायद्याने मामलतदाराकडे दाद मागता येते. पण वीस वर्षांचा पुरावा द्यावयाचा कोणी? धनगरवाड्यावरच्या माणसाने वकील लावून तारखा घ्याव्यात, ही अपेक्षाच विनोदी आहे. शिवाय जी वाट मालकाच्या भल्या स्वभावामुळे चालू होती ती हक्काची ठरत नाही, सौजन्याची ठरते. म्हणजे शेजारधर्म जितका चांगला तितका पुरावा दुबळा! म्हणूनच हा विषय कोर्टापेक्षा माणसाच्या विवेकापुढे अधिक यावयास हवा.

इंग्लंडमध्ये हे भांडण फार जुने. मँचेस्टर परिसरातले शेकडो तरुण कामगार २४ एप्रिल १९३२ रोजी किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर मालकाचा मज्जाव मोडून चढून गेले. तो डोंगर पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेला होता. काहींना तुरुंगवास घडला. त्यांच्या मागणीला कायद्याचे रूप येण्यास सन २००० उजाडले. दोन वर्षांनी त्या प्रसंगाला सत्तर वर्षे झाली तेव्हा डेव्हनशायरच्या ड्यूकनी आपल्या आजोबांच्या त्या वेळच्या वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली. स्कॉटलंडने २००३ साली कायद्यानेच जबाबदारीने वागणाऱ्या प्रत्येकाला बहुतेक जमिनींवरून हिंडण्याची मुभा दिली. त्यामुळे तेथील जमीनदार भिकेला लागले, असे काही आमच्या वाचनात आलेले नाही.

आणि वसई. या पानांच्या वाचकांना तो इतिहास नव्याने सांगावयास नको. १९८९-९० च्या सुमारास वसईचा हिरवा पट्टा बांधकामासाठी खुला होऊ लागला तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्या अग्रभागी होते. त्या लढ्याची एक बाजू आमच्या विषयाला फार जवळची आहे. वसईच्या वाड्या खासगी होत्या. केळी, पानवेली, फुले आणि विहिरी राखणारे हात मालकांचेच होते. तरीही लोकांनी म्हटले की या हिरवाईवर सर्वांचा श्वास अवलंबून आहे, म्हणून ती विकावयाची का, हे एकट्या मालकाने ठरवू नये. काही मालकांना हे जाचक वाटले आणि त्यांनी विकले. कोणाच्या मुलीचे लग्न होते, कोणाचे कर्ज होते. समाजाने मालकाला सांगावे की तुझी वाडी आमची फुफ्फुसे आहेत, आणि त्याच्या अडचणीच्या दिवशी त्याच्याकडे फिरकू नये, हे न्यायाचे नाही. इतर अधिकारांच्या रकान्यात आपले नाव लिहून घेणाऱ्याने थोडा सारा भरण्याचीही तयारी ठेवावी.

शेवटी आपल्याच आवारांविषयी. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी चर्च, शाळा आणि दफनभूमी यांच्याकडे गावातली किंवा वॉर्डातली सर्वांत मोठी झाडे शिल्लक आहेत. तीही खासगी मालमत्ताच; विश्वस्त संस्थेच्या नावे एवढाच फरक. चोऱ्या वाढल्या, विटंबनेचे प्रकार घडले, म्हणून भिंती उंच झाल्या आणि सकाळच्या मिस्सानंतर फाटकाला कुलूप लागू लागले. कारणे खोटी नाहीत. पण भिंतीपलीकडच्या चाळीतला मुलगा, मग तो कोणत्याही धर्माचा असो, संध्याकाळी आपल्या आंब्याखाली बसून अभ्यास करू शकतो का, हे धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत एकदा विषयपत्रिकेवर यावे. राखणदार ठेवून दुपारी चारपासून सायंप्रार्थनेच्या घंटेपर्यंत लहान फाटक उघडे ठेवता येते. खर्च एका माणसाच्या अर्ध्या पगाराचा. कोकणात ज्या कुटुंबांनी डोंगरउतारावर घरासाठी जागा घेतली आहे त्यांच्यापुढेही तशीच लहानशी गोष्ट आहे. कुंपण घालण्यापूर्वी वाडीतल्या एखाद्या वृद्धाला बरोबर घेऊन जागेवरून फिरावे, पाण्याकडे आणि वरच्या वाडीकडे जाणारी वाट कोठून जात होती ते विचारावे, आणि तारेचे खांब रोवताना त्या ठिकाणी तीन हात रुंद जागा सोडून दोन काठ्यांचे एक बेडे बसवावे.